भाकरी, साखर आणि सांधेदुखी

आहारातील पिष्टमय पदार्थ कमी केल्याने गुडघ्यांच्या वेदना कमी होऊ शकतात काय?

तापी नदीच्या दक्षिण तीराला लागून धुळे जिल्ह्याचा शिंदखेडा तालुका पसरला आहे. मुडावद येथे पांझरा नदी तापीला मिळते. बुराई नदी तालुक्यातून वाहते. आणि तरीही पावसाच्या दृष्टीने हा भाग अवर्षणप्रवणच गणला जातो. कापूस, बाजरी, ज्वारी, मका आणि मिरची ही येथील पिके. निंदणी असो, कापूस वेचणी असो किंवा मिरचीची देठे खुडणे असो, या पिकांची बरीचशी कामे वाकून अथवा उकिडवे बसून करावी लागतात. अशा कामात उभे आयुष्य घालविलेल्या स्त्री-पुरुषांचे गुडघे पन्नाशीच्या सुमारास बोलू लागतात, यात आश्चर्य नाही. गावात वयस्क माणसांची ख्यालीखुशाली विचारावी, तर प्रकृतीच्या तक्रारींमध्ये गुडघ्यांचे नाव बहुधा पहिले येते.

या दुखण्यावर उपाय सांगणारे पुष्कळ असतात. अलीकडे त्यात आणखी एका सल्ल्याची भर पडली आहे : भाकरी, पोळी, भात आणि साखर सोडा, म्हणजे सांधे मोकळे होतील. ज्याच्या ताटातून भाकरी वगळली तर फारसे काही उरतच नाही, अशा शेतमजुराच्या दृष्टीने हा सल्ला साधा नव्हे. तो खरा असेल तर त्याचा लाभ त्याला मिळाला पाहिजे. अर्धवट खरा असेल तर त्यातील खरा भाग कोणता, हे त्याला समजले पाहिजे. म्हणून या प्रश्नाचा थोडा तपशिलाने विचार करणे उचित ठरेल.

सांधेदुखी ही एकच व्याधी नव्हे

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपण ज्याला सरसकट 'संधिवात' म्हणतो, त्यात निरनिराळ्या व्याधी मोडतात आणि त्यांची कारणेही निरनिराळी असतात.

सर्वांत अधिक आढळतो तो झिजेचा संधिवात. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजते, सांध्याच्या कडांना हाडाची वाढ होते, सांधा आखडतो. हा विकार मुख्यतः गुडघे, कंबर आणि बोटे यांना ग्रासतो. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले वाटतात. परंतु अर्ध्या तासाच्या आत ते मोकळे होतात आणि दिवसभराच्या कष्टानंतर दुखणे वाढते.

दुसरा प्रकार आमवाताचा. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, त्यामुळे सांध्यांच्या आतील अस्तराला सूज येते. हातांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी सारखीच सूज येणे आणि सकाळचा आखडलेपणा तास-तासभर टिकणे ही त्याची खूण. योग्य वेळी औषधोपचार झाला नाही तर बोटे वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

तिसरा प्रकार वातरक्ताचा. रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात; पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लाल होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. याशिवाय चिकुनगुन्यासारख्या तापानंतर महिनोन् महिने रेंगाळणारी सांधेदुखी आहेच. २००६ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत या तापाची मोठी साथ आली, तेव्हा असंख्य कुटुंबांनी तिचा अनुभव घेतला.

एकाच पथ्याने या सर्व व्याधी सारख्याच हटतील अशी अपेक्षा करणे योग्य नाही. आहाराचा प्रश्न प्रत्येक व्याधीसाठी स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.

भिगवणची पाहणी

ग्रामीण महाराष्ट्रात सांधेदुखीचे प्रमाण किती, याचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली या विषयाची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या संयुक्त कार्यक्रमाचा हा भाग होता. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी घरोघर जाऊन सुमारे ४ हजार प्रौढांची माहिती घेतली. त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू, सांधे अथवा हाडे यांचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. झिजेच्या संधिवाताचे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर आमवाताचे सुमारे अर्धा टक्का होते.

या आकड्यांतून दोन बोध घेता येतात. एक, खेड्यातील कष्टकरी माणसाला सांधेदुखी होत नाही, हा समज निराधार आहे. दोन, खेड्यात सांधा दुखणाऱ्यांमध्ये आमवाताच्या एका रुग्णामागे झिजेच्या संधिवाताचे दहा-बारा रुग्ण असतात. म्हणून आहार आणि सांधेदुखी यांचा संबंध पाहताना मुख्य भर झिजेच्या संधिवातावर, आणि त्यातही गुडघ्यावर, देणे योग्य होय.

पिष्टमय पदार्थ म्हणजे काय?

धान्य, साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा, फळे यांतून शरीराला जो ऊर्जेचा मुख्य साठा मिळतो, त्याला कर्बोदके असे शास्त्रीय नाव आहे. बोलीत आपण त्यांना पिष्टमय आणि शर्करायुक्त पदार्थ म्हणतो. दोंडाईचा येथील कारखान्यात मक्यापासून जो पांढराशुभ्र स्टार्च काढला जातो, तो म्हणजेच हे पिष्ट. पचनानंतर पिष्टाची साखर होते, ती रक्तात उतरते आणि तिला पेशींमध्ये पोहोचविण्यासाठी स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. गरजेपेक्षा अधिक आलेली साखर चरबीच्या रूपाने साठविली जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांनुसार, चोथा वगळून, १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६२ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८ ग्रॅम आणि पॉलिश केलेल्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. साखर तर जवळजवळ शंभर टक्के कर्बोदकच.

आता आपल्या ताटाचा हिशेब मांडून पाहू. एका भाकरीला ७५ ग्रॅम बाजरीचे पीठ धरले आणि दोन वेळच्या मिळून चार भाकऱ्या धरल्या, तर ३०० ग्रॅम पिठातून सुमारे १८६ ग्रॅम कर्बोदके मिळतात. ५० ग्रॅम तांदळाच्या भातातून ३९ ग्रॅम येतात. दिवसातून पाच वेळा चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे आणखी ५० ग्रॅम. एकूण २७५ ग्रॅम झाले. डाळ आणि दूध यांतील निराळेच. एक ग्रॅम कर्बोदकापासून ४ उष्मांक मिळतात, म्हणजे एवढ्यानेच १,१०० उष्मांक होतात. बेताचे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज १,८०० उष्मांक धरली, तर त्यांपैकी ६१ टक्के या तीन पदार्थांतून येतात.

हे गणित केवळ कागदावरचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीय माणूस आपल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून घेतो. प्रथिनांचा वाटा मात्र १२ टक्क्यांच्या आसपासच राहतो. याच परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी धान्ये व भरडधान्ये यांतून ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक घेऊ नयेत, असे सुचविले आहे. आपला आहार धान्याकडे फार झुकलेला आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कल्पना जुनीच

पिष्टमय पदार्थ कमी करण्याची कल्पना नवी नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करीत. उंची साडेपाच फुटांच्या आत आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. घोट्यांना आणि गुडघ्यांना वाढलेल्या वजनाचा हादरा बसू नये म्हणून ते जिना पाठमोरे, सावकाश उतरत. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्यानुसार त्यांनी १८६२ साली पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बीअर सोडली. साधारण वर्षभरात त्यांचे वजन ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा ती अतिशय गाजली.

आपल्याकडेही आमवात आणि आहार यांची सांगड प्राचीन आहे. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने आमवाताच्या उपचारांत लंघनाला पहिले स्थान दिले आहे. मात्र लंघन म्हणजे आजचा उपवास नव्हे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि भगर यांचा जो फराळ होतो, त्यात रोजच्या जेवणापेक्षा पिष्टच अधिक असते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट होय. असा उपवास करून सांधे हलके होतील अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

आहाराचा परिणाम सांध्यापर्यंत कसा पोहोचतो?

याचे तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग वजनाचा. आपण चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुडघेदुखीच्या रुग्णांचे वजन एक किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार चार किलोंनी घटतो, असे मोजून दाखविण्यात आले. पाच किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला वीस किलोंचा भार वाचला. शेतावर जाऊन येताना पडणाऱ्या हजारो पावलांचा विचार केला म्हणजे या लाभाचे मोल ध्यानात येते. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावातील प्रदीर्घ पाहणीतूनही १९९२ साली असे दिसून आले की, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन घटविलेल्या स्त्रियांना गुडघ्याचा संधिवात होण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला.

दुसरा मार्ग दाहाचा. चरबी म्हणजे केवळ कोठार नव्हे. चरबीच्या पेशींतून अशी अनेक द्रव्ये रक्तात येतात की जी शरीरात मंद दाह तेवत ठेवतात. स्थूल व्यक्तींमध्ये हातांच्या बोटांचा झिजेचा संधिवातही अधिक आढळतो. बोटांवर तर शरीराचे वजन पडत नाही. मग हा संबंध भाराचा नसून रक्तातून येणाऱ्या द्रव्यांचाही असला पाहिजे, असा तर्क संशोधकांनी केला आहे.

तिसरा मार्ग साखरेचा. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे ती प्रथिनांना चिकटून बसते. कूर्चेतील तंतूंवर असा थर चढला की ते कडक होतात आणि त्यांची लवचिकता उणावते. मधुमेही व्यक्तीने साखर ताब्यात ठेवणे हे डोळे आणि मूत्रपिंड यांच्याइतकेच सांध्यांच्याही हिताचे आहे.

प्रयोग काय सांगतात?

तर्क कितीही सयुक्तिक असला, तरी कसोटी प्रयोगाचीच. नेमक्या या प्रश्नावर अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी एक प्रयोग केला. गुडघ्याचा झिजेचा संधिवात असलेल्या, ६५ ते ७५ वर्षे वयाच्या २१ व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. एका गटाला अत्यल्प कर्बोदकांचा आहार, दुसऱ्याला कमी स्निग्धांशाचा आहार आणि तिसऱ्याला नेहमीचाच आहार. बारा आठवड्यांनंतर, खुर्चीतून उठणे-बसणे यांसारख्या हालचालींतील वेदना कमी कर्बोदकांच्या गटात सर्वांत अधिक उणावल्याचे दिसून आले.

निष्कर्ष आशादायक खरा; परंतु त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. २१ माणसांचे तीन गट केले म्हणजे एका गटात जेमतेम सात जण येतात. बारा आठवडे हा अवधी थोडा. शिवाय या गटाला आरंभी दिवसाकाठी केवळ २० ग्रॅम कर्बोदकांची मुभा होती. आपल्या हिशेबाने एका भाकरीत ४६ ग्रॅम असतात. म्हणजे २० ग्रॅम म्हणजे अर्धी भाकरीदेखील नव्हे. जळगावचे एक मध्यम केळे खाल्ले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. असा आहार खानदेशी माणसाला वर्षानुवर्षे पाळता येईल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

याउलट मोठा प्रयोग कोणता, असे विचारल्यास २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाकडे बोट दाखवावे लागेल. स्थूल आणि गुडघेदुखीने त्रस्त अशा, ५५ वर्षे व त्यावरील वयाच्या ४५४ व्यक्तींना १८ महिने तीन गटांत ठेवण्यात आले : केवळ आहारनियंत्रण, केवळ व्यायाम आणि दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचे वजन सरासरी साडेदहा किलोंनी घटले आणि त्यांच्यापैकी ३८ टक्के व्यक्तींनी वेदना नाही किंवा अगदी किरकोळ आहे, असे सांगितले. उरलेल्या दोन गटांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. महत्त्वाची गोष्ट ही की, या प्रयोगातील आहार कर्बोदके वर्ज्य करणारा नव्हता; तो मोजका आणि समतोल होता.

मग वजन घटविण्यासाठी कर्बोदके सोडणे अधिक परिणामकारक की स्निग्ध पदार्थ सोडणे? स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ व्यक्तींवर वर्षभर केलेल्या प्रयोगाचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी ६ किलोंनी आणि कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलोंनी घटले. हा फरक नगण्यच मानला गेला. जो आहार माणूस टिकवू शकतो तोच त्याच्यासाठी चांगला, हे त्यातील सार होय.

आमवाताची गोष्ट वेगळी. १९९१ साली नॉर्वेमध्ये ५३ आमवाती रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, काही दिवसांच्या लंघनानंतर वर्षभर शाकाहार घेतलेल्या रुग्णांची सूज व वेदना कमी झाल्याचे दिसले. शाकाहार म्हणजे काही कमी कर्बोदकांचा आहार नव्हे. तेव्हा आमवातात भाकरी सोडण्याने गुण येतो, असे यावरून सिद्ध होत नाही. आहार हा येथे औषधाचा सोबती आहे, पर्याय नाही.

वातरक्ताच्या रुग्णांनी तर विशेष सावध असावे. कर्बोदके एकाएकी फार कमी केली की शरीरात कीटोन द्रव्ये वाढतात आणि युरिक आम्ल मूत्रावाटे बाहेर पडण्यास अडथळा येतो. त्यामुळे आरंभीच्या काही आठवड्यांत अंगठा पुन्हा उसळू शकतो. भाकरीऐवजी मांसाहार वाढविला तर त्यात भरच पडते. साखर आणि गोड शीतपेये कमी करणे मात्र त्यांनाही हितकारकच.

एकच पथ्य सर्वांना नको

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २३.४ टक्के स्त्रियांचे वजन अधिक, तर २०.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गावात, दोन्ही प्रकारच्या स्त्रिया नांदत आहेत. पहिलीला भाकरी कमी करण्याचा सल्ला उपकारक ठरेल; दुसरीला तोच सल्ला अपायकारक होईल. मुळात कृश असलेल्या वृद्धेने जेवण तोडले तर मांडीचे स्नायू आणखी क्षीण होतात आणि गुडघ्याला जो आधार स्नायूंचा मिळावयाचा तोच जातो.

दिसण्यावरून मात्र फसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले आहे : हातपाय बारीक, परंतु पोटाभोवती चरबी अधिक. म्हणूनच वजनकाट्याबरोबर कमरेची फीतही वापरावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर असेल तर आहाराकडे लक्ष देण्याची वेळ झाली, असे समजावे.

शिधापत्रिकेचाही विचार येथे करावयास हवा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. या धान्याने उपासमार टळते. पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, शेंगदाणे, अंडी आणि दूध यांसाठी पदरचे पैसे घालावे लागतात. म्हणून भाकरी सोडा असे सांगण्यापूर्वी तिच्या जागी काय घ्यावे आणि ते परवडेल कसे, हे सांगणाऱ्याने सांगितले पाहिजे.

खानदेशी ताटातच उत्तर आहे

सुदैवाने त्यासाठी परदेशी पदार्थ शोधण्याची गरज नाही. ज्यांचे वजन अधिक आहे अशा गुडघेदुखीच्या रुग्णांना पुढील बदल करता येतील.

चहातील साखरेपासून प्रारंभ करावा. दिवसाला ५० ग्रॅम म्हणजे महिन्याला दीड किलो साखर एकट्या व्यक्तीच्या पोटात जाते. ती कमी केल्याने कोणाचीही भूक मारली जात नाही. उलट पैसे वाचतात आणि त्यांतून डाळ अथवा अंडी घेता येतात.

भाकरी सोडू नये, मोजावी. चारच्या दोन कराव्यात आणि भाकरी असेल तेव्हा भात टाळावा. दोन भाकऱ्यांचे ९३ ग्रॅम आणि दोन चमचे साखरेचे १० ग्रॅम धरले, तर पूर्वीचे २७५ ग्रॅम आता १०३ ग्रॅमवर येतात. डाळ, उसळ आणि ताक यांतील कर्बोदके मिळविली तरी बेरीज दीडशेच्या आसपास राहते. वैद्यकात दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांच्या आहारास कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. भाकरीला रजा न देताही आपण त्याच्या जवळ पोहोचतो. शेतीचे अंगमेहनतीचे काम चालू असेल त्या दिवसांत एखादी भाकरी वाढविण्यास हरकत नाही.

कमी केलेल्या भाकरीची जागा प्रथिनांनी आणि भाज्यांनी भरावी. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. तूर आणि उडदाच्या डाळींत दर शंभर ग्रॅममागे २२-२३ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात सुमारे २४ ग्रॅम. ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी ही या दृष्टीने आपल्या पूर्वजांची शहाणी योजना म्हटली पाहिजे. वांग्याचे भरीत, मेथी-पोकळ्याची भाजी, मोड आलेली मटकी, ताक आणि मुठभर शेंगदाणे हे सारे शिंदखेड्याच्या बाजारात मिळणारे जिन्नस आहेत. मात्र रश्शावर तेलाची तर्री किती असावी याला मर्यादा हवी. एक ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात, पिष्टाच्या दुपटीहून अधिक.

तांदूळ सोडून बाजरी घेतली की काम झाले, असेही समजू नये. वर उल्लेखिलेल्या २०२५ च्या निष्कर्षांत असे दिसले की, एका धान्याऐवजी दुसरे धान्य घेण्याने मधुमेहाचा धोका फारसा घटत नाही. कर्बोदकांचा काही भाग कमी करून तेथे डाळी किंवा दुधातील प्रथिने आणल्यास तो घटतो. बाजरीत चोथा आणि लोह अधिक असते, तेव्हा ती अवश्य खावी, परंतु मोजून.

जेवणाच्या वेळांविषयीही बोलले जाते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळी प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा पुरस्कार केला आणि २०१८ साली राज्याच्या स्थूलताविरोधी मोहिमेसाठी त्यांची सदिच्छादूत म्हणून निवड झाली. ती पद्धती वेळांची आहे. कर्बोदके कमी करणे ही निराळी गोष्ट. दोहोंत गल्लत करू नये.

आहाराच्या जोडीला व्यायाम हवाच. शेतातील श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात गुडघा वाकलेलाच राहतो. पाठीवर निजून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक मोजून खाली ठेवावा. असे दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार हलका होतो. स्वयंपाक आणि मिरची खुडणे ही कामे शक्य तेथे पाटाऐवजी उंच बैठकीवर बसून करावीत.

सावधगिरी

पहिल्या आठवड्यातच दोन किलो वजन उतरले म्हणून हुरळून जाऊ नये. शरीरातील साठवलेल्या पिष्टासोबत दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आरंभी उतरते ते मुख्यतः हे पाणी. खरा बदल पाहण्यासाठी बारा आठवडे तरी थांबावे. आरंभीचे वजन, कमरेचा घेर आणि न थांबता किती अंतर चालता येते हे वहीत लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे, म्हणजे गुण आला की नाही याचा निर्णय स्वतःच करता येईल.

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता भाकरी कमी करू नये. औषधाचे प्रमाण तेच राहिले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती व स्तनदा माता आणि कृश वृद्ध यांनीही हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. आमवाताची औषधे पथ्याच्या भरवशावर बंद करणे ही तर सर्वांत मोठी चूक. वेदना लागलीच थांबविणाऱ्या अनोळखी भुकट्यांपासून दूर राहावे. अशा काही भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते.

सांध्याला सूज असेल, ताप असेल, सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल किंवा त्रास सहा आठवड्यांहून अधिक चालला असेल, तर प्रथम तपासणी करून घ्यावी. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि पुढील उपचारांसाठी धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही शासकीय व्यवस्था त्यासाठीच आहे.

सारांश असा की, वजन अधिक असलेल्या व्यक्तीच्या गुडघेदुखीत पिष्टमय पदार्थ कमी केल्याचा लाभ होण्याचा संभव चांगला आहे. तो मुख्यतः वजन उतरल्यामुळे आणि काही अंशी दाह शमल्यामुळे होतो. झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा उगवत नाही. आमवातात आणि वातरक्तात औषधोपचाराची जागा आहार घेऊ शकत नाही. बाजरीची भाकरी हा आपला शत्रू नव्हे. तिच्यासोबत ताटात डाळ, भाजी आणि ताक यांना पुरेशी जागा मिळाली, चहाच्या कपातील साखर उतरली आणि पायांना रोज थोडा व्यायाम घडला, तर शेताची वाट पुष्कळ सुसह्य होईल.